सुनेनं घेतलेलं नाव

सरहद्दीवरच्या मोहोकारे नदीत जेमतेम गुडघाभर पाणी होतं. तीन वर्षांच्या पोराला पाठीशी बांधून लिम्फो ती ओलांडत होती. नवरा पलीकडच्या देशात शतावरीच्या मळ्यावर मजूर होता. पूर्वी तिकडचे शिपाई दिसले की माणसं अर्ध्या नदीतून माघारी पळायची, आणि इकडचे शिपाई हसत बसायचे. आता दोन्ही सरकारांचं मेतकूट जमलंय. काठ दोन, पण पथक एकच. पळणार कुठं? इकडे आड, तिकडे विहीर.

पथकानं तिला काठावरच धरून चौकीत आणलं. तिथं टेबलाशी अलीकडच्या देशाचे म्हातारे पोलीस मोहापी आणि पलीकडच्या अधिकारी फेंटर मॅडम बसले होते. नुसतं परत पाठवलं असतं तर लिम्फो पुढच्या आठवड्यात पुन्हा आली असती. पण मॅडमनी पोराकडे बोट केलं.

"हिचाच कशावरून? मुलं पळवणाऱ्या बायका याच वाटेनं येतात. नाव विचारा त्याचं."

"म्हातारबा," लिम्फो म्हणाली.

तिनं दाखवलेल्या जन्मदाखल्यावर भलतंच नाव होतं.

"मॅडम, आमच्यात थोरल्या नातवाला आजोबाचं नाव ठेवतात," मोहापी म्हणाले. "आणि सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. माझी बायकोपण आमच्या थोरल्याला म्हातारबाच म्हणते."

"हे कुठल्या रकान्यात लिहू? दाखल्यावरच्या नावानं तिनं हाक मारावी, पोरानं ओ द्यावी. नाहीतर पोर अनाथाश्रमात."

मोहापी लिम्फोकडे वाकले. "घे पोरी, एकदाच. म्हाताऱ्याची माफी मी मागतो."

"न्ताते, बापासारखे तुम्ही, त्यांना पुरून महिना नाही झाला हो! तुम्हीच मारा ना हाक."

"माझ्या हाकेला काय किंमत? आई तू आहेस."

मॅडमनी पोराला टेबलापलीकडे पाठमोरं उभं केलं आणि हातात एक शिक्का खेळायला दिला. पोरापुढे सासरा काय आणि पाप काय!

"मोखेले!" लिम्फो ओरडली. "मोखेले, बघ ना रे इकडे!"

पोरानं शिक्का टाकला आणि ते दाराकडे पळालं. घरी त्या नावानं शेजारीपाजारी फक्त आजोबांना हाक मारायचे.

"आजोबा आले?" त्यानं बाहेर डोकावून विचारलं.

मोहापींनी तोंड फिरवलं. मॅडमनी कागदावर फुली मारली.

"म्हातारबा!" लिम्फोनं हंबरडा फोडला, आणि पोर त्या हाकेसरशी आईकडे धावलं. मॅडमनी त्याला वाटेतच धरलं. फुली मारून झाली होती.