माहेरी गेली म्हणून सांगितलं

लेकीला, मालनला बघायला पाहुणे यायचे होते, त्या सकाळी रंगनाथनं बायकोला बजावलं, की तू गोठ्याशेजारच्या खोलीत बस, ते जाईस्तोवर बाहेर येऊ नको. साळूबाई तिथं जाऊन बसली. त्र्याहत्तर सालची थंडी कडक पडली होती आणि थंडीत तिचं अंग दरवर्षीसारखंच पेटलं होतं. कोपरांवर, गुडघ्यांवर, केसांच्या कडेनं लाल चट्टे आणि त्यांवर पांढऱ्या खपल्या. बाही सरळ केली तरी भुगा गळायचा.

राहात्याजवळच्या त्या वस्तीवर तिला महारोग झालाय असंच सगळे धरून चालले होते. सासूनं तिची थाळी वेगळी केली होती, पिठाला हात लावू देत नव्हती. भगतानं लिंबाच्या फोकांनी झोडपलं होतं. शेवटी रंगनाथच तिला एसटीनं नगरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं चट्ट्यावर टाचणी टोचली, ती कळवळली, तसा तो म्हणाला, "महारोगाच्या चट्ट्यावर हे कळलं नसतं. याला सोरायसिस म्हणतात." मग त्यानं दोघांना नीट समजावलं. हिच्या कातडीला घाई झालीय, जुनी झडायच्या आत नवी तयार होते, म्हणून थर साचतात. शिवून किंवा एका ताटात जेवून हे कुणाला लागत नाही. मुळासकट जाईल असं खोटं सांगणार नाही, पण दाबून ठेवता येतं. त्यानं डांबराच्या वासाचं मलम दिलं, कोवळ्या उन्हात बसायला सांगितलं आणि खाजवू नका म्हणाला, खरचटेल तिथं नवा चट्टा उठतो.

हे सगळं रंगनाथनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण घरी साळूबाई सासूला सांगायला लागली, तेव्हा म्हातारीनं ते उडवून लावलं आणि हा मान खाली घालून जेवत राहिला. चट्ट्यांपेक्षा साळूबाईला ती खाली घातलेली मान जास्त जाळत होती.

पाहुणे आले. भिंतीपलीकडून मुलाच्या आईनं विचारलेलं तिला ऐकू आलं, की मुलीची आई दिसत नाही.

"ती माहेरी गेलीया," रंगनाथ म्हणाला. "तिचा बाप लई आजारी हाय."

साळूबाई उठली. तिनं पदर खोचला, बाह्या कोपराच्या वर सारल्या आणि थेट ओसरीत जाऊन उभी राहिली.

"मी मालनची आई. माहेरी न्हाई, हितंच गोठ्यापाशी बसले हुते. माझा बाप मालन पाळन्यात हुती तवाच गेला."

मुलाच्या आईनं पाय जवळ ओढून घेतले. साळूबाईनं हा रोग काय आहे आणि काय नाही, ते न अडखळता सांगितलं. मुलाच्या बापानं ऐकून घेतलं आणि विचारलं, पोरीला होईल का. नाही म्हणून टाकलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण त्या दिवशी तिला खोट्याचा वीट आला होता.

"रक्तात असतंय, म्हनला डॉक्टर. एखाद्या लेकराला हुतंय, पुष्कळांना हुत न्हाई."

पाहुणे पोहे तसेच टाकून गेले. पोरीचं वाटोळं केलंस म्हणून रंगनाथ तिच्या अंगावर धावला. ती जागची हलली नाही.

"दवाखान्यात काय ऐकलं, ते आईला सांगा. आत्ता, माझ्यापुढं."

रंगनाथनं वहाणा पायांत सरकवल्या आणि तो मळ्याकडं निघून गेला.

मालनही रागावली होती. थोडा दम धरला असतास तर काय बिघडलं असतं, असं ती रडत म्हणाली.

"तू लपवत नांदली असतीस," साळूबाई म्हणाली. "अन् कोपरावर एक चट्टा उठला की तुलाबी गोठ्यात बसवलं असतं."

मालनला ते पटलं की नाही, कळलं नाही. ती आईशी बरेच दिवस तुटकच वागली.

त्या संध्याकाळी साळूबाईनं स्वतःच परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापायला बसली. सासू उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशीही तिनं ताट सरकवलं, मग मात्र भूक आवरेना, तेव्हा मुकाट्यानं जेवली.

पुढच्या वर्षी नेवाशाकडचं स्थळ आलं. साळूबाईनं त्यांना सगळं आधीच सांगितलं, तरी त्यांनी होकार दिला. हळदीला पहिला हात तिनंच लावला. काही बायका बाजूला सरकल्या, त्यांच्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

आईला खरं काय ते रंगनाथनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. साळूबाईनंही ते त्याला कधी माफ केलं नाही.