पर्थचं ट्रेनिंग

जेरोम पर्थहून मंगळवारी परतला आणि शुक्रवारी रात्री त्याला ताप भरला. सबीनाने थर्मामीटर लावलं. अडतीस पूर्णांक चार.

"टेस्ट करून घेऊ या का?" तिने विचारलं.

"कसली टेस्ट? पर्थला आठवडाभर एसीत बसवून ठेवलं होतं. सर्दी आहे."

मार्च २०२० चे दिवस होते. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये कोरोना अजून बातम्यांतच होता. सबीना तिथल्या हॉस्पिटलात नर्स होती, म्हाताऱ्या पेशंटांच्या वॉर्डात. फेब्रुवारीच्या शेवटापासून प्रत्येक शिफ्टच्या आधी एक फॉर्म भरावा लागायचा. त्यात एक प्रश्न होता : गेल्या चौदा दिवसांत तुम्ही किंवा घरातलं कोणी परदेशी गेलं होतं का? बुधवारी, गुरुवारी आणि शुक्रवारीही तिने 'नाही'वर खूण केली होती आणि खाली सही केली होती.

दोघंही मूळचे वसईचे. मेलबर्नला शिकायला आले, तिथे भेटले, लग्न केलं आणि पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, लवकर मिळतो म्हणून नऊ वर्षांपूर्वी डार्विनला आले. जेरोम गॅसच्या प्लांटवर इंजिनीअर होता. कंपनी वर्षातून दोनदा त्याला आठवडाभर पर्थला ट्रेनिंगला पाठवायची. निदान चार वर्षं सबीना तसंच समजून होती. पर्थला तो मानवेलकडे उतरायचा. मानवेल त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, लग्नातला बेस्ट मॅन आणि त्यांच्या मुलीचा, रेनिताचा, धर्मपिता. मानवेलची बायको मेरिल ही तर सबीनाची त्याहून जवळची. मेलबर्नला विद्यार्थी असताना दोघींनी तीन वर्षं एका खोलीत काढली होती. एकच ओव्हरकोट दोघी आळीपाळीने घालायच्या.

यावेळी सबीनाने मेरिलसाठी कोळंबीच्या लोणच्याची बाटली दिली होती. तिसऱ्या दिवशी मेरिलचा फोन आला होता. "अगं, अर्धं संपलंसुद्धा! मानवेल तर टोस्टला लावून खातोय."

शनिवारी दुपारी पाऊस थांबला होता, पण हवा तशीच चिकट. जेरोमचा फोन वाजला. तो पलंगावर पडला होता आणि सबीना किचनमध्ये त्याच्यासाठी पेज करत होती. प्लांटवरच्या आवाजाने त्याचा डावा कान मंद झाला होता, त्यामुळे तो फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचा. पेजेचा वाडगा घेऊन ती बेडरूमच्या दारापाशी आली, तेव्हा आत एक बाई बोलत होती. पब्लिक हेल्थची नर्स होती.

"सिंगापूरहून डार्विनला आलेल्या विमानात तुमच्या पुढच्याच रांगेतला एक प्रवासी पॉझिटिव्ह निघालाय. तुम्हाला काही त्रास होतोय का?"

सबीनाला वाटलं, चुकीच्या माणसाला फोन लागलाय. ती हसून तसं सांगणारही होती.

"ताप आहे," जेरोम म्हणाला. "कालपासून."

"बरं. सिंगापूरच्या आधी कुठे होतात?"

"बँकॉक."

"किती दिवस?"

"सहा."

"हॉटेलमध्येच होतात की बाहेर फिरलात? मला रोजच्या जागा हव्यात. जवळचा संपर्क जिथे आला तिथल्या खासकरून."

मग जेरोम सांगू लागला. पहिल्या दिवशी सुखुमवित, मसाज पार्लर. दुसऱ्या दिवशी सिलोम, तिथेही मसाज. मग रत्चदा. मग लाद प्राओ.

"याचं स्पेलिंग सांगता का?"

त्याने सांगितलं. एकेक अक्षर, न अडखळता. मग थोंगलोचं सांगितलं. कुठल्या स्टेशनवर उतरायचं, कुठल्या गल्लीत वळायचं, दुकानाचा मजला कितवा, सगळं त्याला पाठ होतं. रेनिताच्या शाळेचा पत्ता विचारला तर हाच माणूस फोनमध्ये बघायचा.

"पोलिसांशी याचा काही संबंध नाही," नर्स शांतपणे म्हणाली. "मला फक्त वेळ आणि माणसं हवीत. किती वेळ?"

"दीड तास."

"प्रत्येक ठिकाणी?"

"हो."

"नुसता मसाज, की त्याहून जवळचा संपर्क?"

पंखा घरघरत होता.

"त्याहून," जेरोम म्हणाला.

"नो वरीज," नर्स इथल्या सवयीने म्हणाली. "आता घरी कोण कोण असतं?"

"बायको. आणि मुलगी, नऊ वर्षांची."

"बायको काम करते?"

"नाही," तो म्हणाला. "घरीच असते."

इथवर सबीना नुसती उभी होती. जे कानावर पडत होतं ते एखाद्या शेजाऱ्याचं असावं तसं तिला वाटत होतं. पण या वाक्याने तिला खडबडून जाग आली. तिने वाडगा खाली जमिनीवर ठेवला, दार उघडलं आणि दारातूनच मोठ्याने इंग्रजीत म्हणाली, "मी त्यांची बायको. मी नर्स आहे. काल मी अकरा पेशंटांना हात लावलाय. माझा नंबर लिहून घ्या."

जेरोमने तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा तापाने लाल झाला होता, आणि त्यावर राग होता. त्या रागाचं तिला नंतर कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

तिने हात धुतले, मास्क लावला, रेनिताला हॉलमध्ये टीव्हीसमोर बसवलं आणि वॉर्डच्या इनचार्जला, लॉरेनला, फोन केला.

"लॉरेन, मी फॉर्मवर चुकीची माहिती दिलीय. तीनही दिवस. माझा नवरा बँकॉकला होता. आता त्याला ताप आहे."

"तू तर पर्थ म्हणाली होतीस."

"मला पर्थच माहीत होतं."

हे वाक्य पुढच्या महिन्याभरात सबीनाला कितीजणांना सांगावं लागलं! पब्लिक हेल्थला, मॅनेजरला, चौकशीला बसलेल्या दोघांना. मला माहीत नव्हतं. दर वेळी समोरचा माणूस थोडा थांबायचा आणि दर वेळी तिला कळायचं, हा आता विचार करतोय की ही खोटारडी आहे की मूर्ख.

दुपारी चार वाजता पीपीई सूट घातलेले दोघेजण येऊन तिघांचे स्वॅब घेऊन गेले. मग ती बेडरूमच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. दार उघडंच होतं.

"किती वर्षं?" तिने विचारलं.

"सबीना, मला ताप आहे गं."

"किती वर्षं?"

"चार."

"ट्रेनिंग एकदाही नव्हतं?"

"पहिलं खरं होतं. मग कंपनीने ऑनलाइन केलं." तो छताकडे बघत बोलत होता. "तुला वाटतं तसं नाहीये. तिथे कोणी काही मागत नाही. इथे मी घरी आलो की बिल, शाळा, तुझ्या नाइट शिफ्ट्स. तिथे दीड तास मी कोणाचा कोणी नसतो."

"त्या पोरी तरी कोणाच्या कोणी असतात ना?"

त्याने कूस बदलली.

"लोणच्याचं काय केलंस?"

"काय?"

"मेरिलसाठी बाटली दिली होती."

"एअरपोर्टवर टाकली. सिक्युरिटीच्या आधी डबा असतो, त्यात."

डार्विनचा विमानतळ लहान. देशातली आणि परदेशातली विमानं एकाच इमारतीतून सुटतात. दर वेळी तिनेच त्याला गाडीने सोडलं होतं, रेनिताने मागच्या सीटवरून हात हलवला होता आणि तो त्या एकाच दारातून आत गेला होता. आत गेल्यावर माणूस कुठल्या गेटकडे वळतो हे कोण बघतं? पण मेरिलने तर त्या लोणच्याची चव सांगितली होती.

ती अंगणात गेली आणि मेरिलला फोन लावला.

"जेरोमला ताप आहे," ती म्हणाली. "बँकॉकहून घेऊन आलाय."

मग मेरिल म्हणाली, "तुला कळलं तर."

"तू मला लोणचं मस्त झालंय म्हणून सांगितलंस."

"जेरोमने मानवेलला मेसेज केला होता, बाटली दिलीय, विचारलं तर सांभाळून घ्या. मी काय करणार होते? तुझं घर मोडायचं होतं का मी?"

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"सबीना, ऐक. दोन वर्षांपूर्वी मानवेलही गेला होता त्याच्याबरोबर. मला त्याच्या फोनमध्ये सापडलं. मी रडले, भांडले, मग गप्प बसले. दोन मुलं आहेत मला. जेरोमचं तुला सांगितलं असतं तर मानवेलचं सगळ्यांना कळलं असतं. पॅरिशमध्ये, वसईला, सगळीकडे. मला वाटलं, मी गिळलंय, तर तुला निदान ते गिळायला लागू नये."

"मी म्हाताऱ्या माणसांना भरवते, मेरिल. रोज. तू निदान या महिन्यात तरी सांगायचं होतंस."

"मला ते सुचलंच नाही गं. खरंच नाही सुचलं."

हे मात्र खरं असावं असं सबीनाला वाटलं, आणि म्हणूनच त्याचा काही उपयोग नव्हता. तिने फोन बंद केला. जेरोमवर ती चिडली होती. पण मेरिलसाठी ती रडली, अंगणातल्या कपड्यांच्या दोरीखाली उभी राहून.

रविवारी जेरोमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तेव्हा प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला ॲडमिट करत. ॲम्ब्युलन्स दारात आली, समोरचे शेजारी काचेतून बघत राहिले. तो सबीनाच्याच हॉस्पिटलात गेला. तिच्याबरोबर चहा पिणाऱ्या बायकांनी त्याचं ब्लड प्रेशर घेतलं आणि त्याच्या केसपेपरवरचं वाचलं : प्रवास, बँकॉक. संपर्क, पाच मसाज पार्लर.

सबीनाचा आणि रेनिताचा रिपोर्ट निगेटिव्ह होता, पण चौदा दिवस दोघींना घराबाहेर पडता येणार नव्हतं. वॉर्डातल्या सहाजणींना घरी बसवलं. तिने हाताळलेल्या अकरा पेशंटांना वेगवेगळ्या खोल्यांत हलवलं आणि भेटायला येणं बंद केलं.

"Is Dad in trouble?" रेनिताने विचारलं.

"आजारी आहे."

"But you're not talking to him."

"नाही बोलत."

"Because he got sick?"

"तो कुठे गेला होता ते त्याने आपल्याला खोटं सांगितलं. म्हणून."

रेनिताने थोडा विचार केला. "He told me he saw quokkas," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत निघून गेली. पर्थजवळच्या बेटावरच्या त्या हसऱ्या प्राण्यांच्या गोष्टी तो तिला दर वेळी सांगायचा. त्या दिवशी ती जेवली नाही.

जेरोम रोज फोन करायचा. चौथ्या दिवशी सबीनाने उचलला. तो म्हणाला, "उपासाचा काळ आहे, सबीना. मी इथे पडल्या पडल्या रोज रोझरी म्हणतोय. फादरशी फोनवर बोललो. देव क्षमा करतो."

"देवाला तू पर्थ सांगितलं नव्हतंस," ती म्हणाली.

"तू माझ्याशी असं बोलणार?"

"तू त्या बाईला मी घरीच असते असं का सांगितलंस?"

तो अडखळला. "हॉस्पिटलला कळलं असतं. तुझीच नोकरी अडचणीत आली असती. तुझ्यासाठीच."

सबीनाने फोन बाजूला ठेवला. बँकॉकचं तिने कधीतरी समजून घेतलंही असतं, कदाचित. माणूस एकटा पडतो, घसरतो, लाजेने लपवतो. पण त्या दुपारी ती सोमवारी पुन्हा वॉर्डात जाणार हे माहीत असताना त्याने तिला जाऊ दिलं असतं. याच्या पलीकडे तिचं मन जाईना.

नवव्या दिवशी लॉरेनचा फोन आला. अकरांपैकी एक, मिसेस स्टाव्हरुला, गेल्या. वय चौऱ्याऐंशी, मूळच्या ग्रीसच्या. हृदय थकलेलं होतं, त्यासाठीच त्या आल्या होत्या. कोरोनाची टेस्ट दोन्ही वेळा निगेटिव्ह. "तुझ्यामुळे नाही," लॉरेन म्हणाली. "हे मी तुला सांगायलाच फोन केला."

"मुलगी होती का जवळ?"

"काचेबाहेर होती."

जेरोम बरा होऊन सुटला, तेव्हा त्याच्या दोन बॅगा घराबाहेर ठेवलेल्या होत्या. कंपनीने त्याला कामगारांच्या कॅम्पवर खोली दिली. तोवर सीमा बंद झाल्या होत्या. पर्थही बंद आणि बँकॉकही. रविवारी तो रेनिताला फोन करायचा. ती दोन मिनिटं बोलायची, "yeah" आणि "okay". त्याच्या आईने वसईहून फोन करून सबीनाला समजावलं, मग ओरडली, मग रडली. घटस्फोटाचं नंतर बघू, असं सबीना म्हणाली. पण एका छताखाली नाही. मेरिलचे मेसेज येत राहिले. तिने ते वाचले नाहीत आणि नंबरही काढून टाकला नाही.

चौकशीत तिच्यावर ठपका आला नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ती कामावर रुजू झाली. काहीजणी पूर्वीसारख्या बोलल्या. काहीजणी फार गोड बोलल्या, आणि ते जास्त टोचलं.

दुसऱ्याच आठवड्यात मिसेस स्टाव्हरुलांची मुलगी एलेनी आईच्या वस्तू न्यायला आली. चष्मा, एक शाल, कानाचं मशीन. लॉरेन म्हणाली, "मी देते." सबीना म्हणाली, "नको, मी जाते."

रिसेप्शनच्या बाहेर, दोन खुर्च्यांचं अंतर ठेवून, त्या उभ्या राहिल्या. सबीनाने पिशवी मधल्या एका खुर्चीवर ठेवली.

"तुमच्या आईला वेगळ्या खोलीत ठेवलं ते माझ्यामुळे," ती म्हणाली. "माझा नवरा बाहेरून आजार घेऊन आला होता. त्याने मला खोटं सांगितलं होतं. पण फॉर्मवर सही माझी होती."

एलेनीने मास्कवरून तिच्याकडे पाहिलं. पन्नाशीची बाई, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आता ही ओरडणार असं सबीनाला वाटलं, आणि ओरडली असती तर बरंही वाटलं असतं.

"मी तुला नो वरीज म्हणू शकत नाही," एलेनी म्हणाली.

"नका म्हणू."

"त्या शुक्रवारी तू होतीस तिच्याजवळ?"

"हो. संध्याकाळचं जेवण मी भरवलं."

"जेवली?"

"थोडं. दही खाल्लं. त्यात साखर घातलेली होती म्हणून मला रागावल्या. दह्यात साखर घालणाऱ्या देशात मी साठ वर्षं काढली, म्हणाल्या."

एलेनीच्या तोंडून एक आवाज आला, हसण्याचा की कसला ते मास्कमुळे कळलं नाही. तिने पिशवी उचलली, शाल बाहेर काढून हातावर घेतली आणि खुर्चीवर बसली.

"आणखी काय म्हणाली?" तिने विचारलं.

सबीनाने घड्याळाकडे पाहिलं नाही. दोन खुर्च्या सोडून तीही बसली आणि त्या संध्याकाळचं जेवढं आठवत होतं तेवढं सगळं सांगू लागली.