ट्राम सुटली तेव्हा

सखारामनं एकतीस वर्षं पर्यटकांची गाडी चालवली. उस्मानपुऱ्यातून सकाळी निघायचं, वेरूळ दाखवायचं, दुपारी मकबरा, पाणचक्की, आणि संध्याकाळी पाहुण्यांना स्टेशनवर सोडायचं. एका दिवसात काय काय उरकता येतं, याचा त्याला मोठा अभिमान. त्यामुळं जर्मनीतल्या मुलाकडं, सुयशकडं, तीन महिने राहून परत निघताना वाटेत इस्तंबूलला अकरा तासांचा थांबा आहे म्हटल्यावर त्याला कोण आनंद झाला. व्हिसाची सोय सुयशनं करून दिली होती. सखारामनं आदल्या दिवशीच कागदावर आठ ठिकाणं लिहिली आणि प्रत्येकापुढं वेळ टाकली.

बायकोला, मनकर्णाबाईला, कुणी काही विचारलं नव्हतं. तिलाही त्यात वावगं वाटलं नाही. दोघांचे पासपोर्ट, ट्रामचं कार्ड आणि पाण्याची बाटली तिच्या पिशवीत. फोन एकच, तो सखारामच्या खिशात.

निळ्या मशिदीच्या दारात तिनं पदर डोक्यावर घेतला, तशी तिथल्या माणसानं हसून आत जायला हात केला. आत इतकं गार, इतकं शांत होतं की तिला जरा टेकावंसं वाटलं. पण सखारामनं घड्याळ बघितलं.

"चल, वीस मिनिटं झाली. अजून लई हाय."

"अहो, गुडघे बोलायलेत माझे."

"ट्राममधी बस की मग."

थांब्यावर ही गर्दी. ट्राम आली, माणसं उतरली, माणसं चढली. सखाराम खांदा घालून आत शिरला. मनकर्णाबाईच्या पुढं एका पोरीची मोठी बॅग आडवी आली, ती बाजूला होईस्तोवर दार लागलं. काचेमागं नवऱ्याचं तोंड उघडलेलं तिला दिसलं. त्यानं काचेवर हात आपटला. ट्राम हलली आणि उतारावरून खाली वळून दिसेनाशी झाली.

पहिल्यांदा तिला काहीच वाटलं नाही. मग कळलं, आपण मागं राहिलो. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून ती बाकावर बसली. करमाडच्या जत्रेत लहानपणी चुकली होती, तेव्हा रडत का होईना, बापाचं नाव सांगता आलं होतं. इथं नाव सांगून कुणाला कळणार होतं?

शेजारी तिच्याच वयाची एक बाई बसली होती. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायाशी भाजीची पिशवी. दार लागताना तिनं सगळं पाहिलं होतं. तिनं ट्राम गेली त्या दिशेला बोट केलं, मग स्वतःच्या बोटातली अंगठी दाखवून भुवया उंचावल्या. मनकर्णाबाईनं मान डोलावली. व्हय, नवरा.

बाईनं आपला फोन पुढं केला. मनकर्णाबाईनं हात हलवला. नंबर एकही पाठ नव्हता. त्या क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. तशी त्या बाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सबर. सबर."

मनकर्णाबाईनं चमकून वर बघितलं. सबर! तिची आईसुद्धा चुलीपुढं बसून हेच म्हणायची, "सबुरीनं घे पोरी."

पुढची ट्राम आली. ती या बाईचीच होती, कारण बाई अर्धवट उठली होती. पण मनकर्णाबाईकडं बघून पुन्हा बसली. मग दुसरी ट्राम गेली, तिसरी गेली. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला तिनं हाक मारली. "चाय," ती म्हणाली. "चहा," मनकर्णाबाई म्हणाली. बाईनं छोट्या ग्लासाशेजारची साखर दाखवली, "शेकेर." "साखर," मनकर्णाबाई म्हणाली, आणि दोघींना हसू आलं. मग त्यांना खेळच सापडला. दुकान, हवा, दुनिया, साबण. काही जुळत होतं, काही नव्हतं. बाईचं नाव नेरिमान. घर समुद्रापल्याड, नवरा वारलेला, दोन लेकी. हे सगळं बोटांनी आणि डोळ्यांनी कळलं.

चाळीसेक मिनिटांनी रुळांच्या कडेनं एक माणूस चढ चढून येताना दिसला. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, चेहरा पांढराफटक. गर्दीत त्याला मधल्या थांब्यांवर उतरताच आलं नव्हतं, पार खाली समुद्रापाशी उतरला होता. कार्ड बायकोच्या पिशवीत, म्हणून निम्मा पळत, निम्मा चालत आला होता. मनकर्णाबाईला बघितल्यावर तो थांबला.

"माझी चुकी झाली," एवढंच शेवटी म्हणाला. "मागं बघायला पायजे होतं."

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

ती काही बोलायच्या आत नेरिमाननं कमरेवर हात ठेवून सखारामला चांगलं फैलावर घेतलं. भाषा तुर्की, पण समजायला काही अडचण नव्हती. सखाराम मान खाली घालून निमूट ऐकत होता. एकतीस वर्षांत त्याचा एकही पाहुणा चुकला नव्हता.

मग नेरिमाननं दोघांना आपल्यासोबत ट्राममध्ये घेतलं. मनकर्णाबाईचा दंड धरून आधी तिला चढवलं. खाली धक्क्यावरून नेरिमानच्या घराकडं बोट सुटत होती, तीत बसवलं. वरच्या मजल्यावर वारा मोकळा होता. पोरं पावाचे तुकडे फेकत होती आणि पांढरे पक्षी ते हवेतच झेलत होते. मनकर्णाबाईनं पाय लांब केले आणि सकाळपासून पहिल्यांदा ते शहर नीट बघितलं. टेकड्यांवर घुमट, त्यांच्याखाली घरं, आणि मधोमध एवढं पाणी.

पल्याडच्या धक्क्यावर नेरिमान उतरायला निघाली. मनकर्णाबाईनं पिशवी धुंडाळली, द्यावं असं काही सापडेना. मग तिनं दोन्ही हात नेरिमानच्या गालांवरून फिरवले, आपल्या कानशिलावर नेले आणि कडाकडा बोटं मोडली. नेरिमान क्षणभर गोंधळली. मग तिनं मनकर्णाबाईला जवळ ओढून घेतलं आणि भाजीची पिशवी उचलून, मागं वळून न बघता, पायऱ्या उतरून गेली.

परतीच्या बोटीत सखाराम तिच्या शेजारी येऊन बसला.

"तुला काय बघायचंय?" त्यानं विचारलं.

"काय नाय. इथंच बसू या. लई बरं वाटायलंय."

ते त्याच बोटीनं आणखी एकदा पल्याड जाऊन आले. सखारामनं दोन चहा आणले आणि तिचा ग्लास पिण्याजोगा होईस्तोवर हातात धरून बसला.

घरी आल्याला आता पाच महिने झाले. उस्मानपुऱ्यातल्या घरात मनकर्णाबाई रोज देवापुढं दिवा लावते, सुयशचं, सुनेचं, नातवाचं नाव घेते, आणि मग म्हणते, "त्या बाईलाबी सुखात ठेव. घरी जायचं होतं तिला, माझ्यासाठी थांबली."