दसऱ्याला पुजलेली डिस्क

महादेवशेठ दुकानात शिरले की आधी अत्तर येतं, मग गळ्यातली चेन आणि मग ते स्वतः. त्या बुधवारी मात्र सगळ्यांच्या आधी सुरमईचा वास आला.

"हे काय आणलंत?" मी विचारलं.

"डिस्क हाय, मॅडम." त्यांनी प्लास्टिकची पिशवी काउंटरवर ठेवली. "फ्रीजरमदी ठेवलेली. मोबाइलवर दाकवतात ना, थंड केली का चालू होते."

नवीन पनवेलला माझं हे दुकान आहे. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचं हरवलेलं बाहेर काढायचं, हा धंदा. बावीस वर्षांत एक गोष्ट कळली. "आम्ही काहीच केलं नाही" हे वाक्य डॉक्टरला आणि मला सारखंच ऐकावं लागतं. मला त्या वाक्याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही.

"फ्रीजरच्या आधी काय केलंत?"

"काय नाय."

"बोला हो खरं," मागून आवाज आला. स्टुलावर त्यांची बायको, भामाबाई, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. "तुमीच येस दाबलात."

मग एकेक बाहेर पडायला लागलं. गेल्या आठवड्यात शेठनी डिस्क लावली, दिवा लुकलुकला, आणि कॉम्प्युटरने विचारलं, फॉरमॅट करू का? शेठनी हो म्हटलं. "आता दारात कोन काय विचारला, तर नाय कसा बोलायचा?" हे त्यांचं स्पष्टीकरण. त्यानंतर दिवा कायमचा विझला. मी भिंग घेऊन डिस्कच्या तोंडात पाहिलं. आत लालभडक काहीतरी भरलं होतं आणि त्यात तांदळाचा एक दाणा अडकला होता.

"हे कुंकू आहे?"

महादेवशेठनी मान खाली घातली. जासईच्या कंटेनर यार्डात त्यांचे चार ट्रेलर धावतात. दसऱ्याला त्या ट्रेलरची पूजा झाली, गाडीची झाली, कोयत्याची झाली. शेवटी डिस्क पाटावर ठेवून तिला हळद, कुंकू, अक्षता आणि वर पाणी शिंपडलं.

"अहो, पण डिस्कची पूजा?"

"तिच्यात आमची आय हाय, मॅडम," भामाबाई म्हणाल्या. मी चिडायची थांबले.

भामाबाईंची आई गुणाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीइतकाच धवलारणीचा मान. हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीला ती धवले गाते, देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलावते. गुणाबाईंनी पंचक्रोशीतली शेकडो लग्नं लावली आणि चैत्रात त्या गेल्या. तीन वर्षांपूर्वी जावयाने, म्हणजे शेठनीच, त्यांचे घरचे धवले व्हिडिओत घेऊन ठेवले होते. तेवढीच एक प्रत या डिस्कवर होती. आणि रविवारी भामाबाईंच्या रोशनीचं लग्न होतं.

"दुसरी धवलारीन सांगितली हाय," भामाबाई म्हणाल्या, "पन तिला आमच्या घरची मानसं कशी ठावं? आयचा आवाज मांडवात लावायचा हाय. नाय तर माज्या पोरीच्या लग्नाला आमची कोनच येनार नाय."

"तुम्हाला येत नाहीत का धवले? आई धवलारीण, म्हणून विचारते."

"तिला?" शेठ हसले. "ती सैपाकघरातनं भायेर आली तर ना!"

"मला कुटं येतंय," भामाबाईही म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की नवरा तेच बोलणार हे त्यांना पाठ असावं.

मी डिस्क ठेवून घेतली आणि दोघांना हात जोडून सांगितलं की आता घरी काही करू नका, नवससुद्धा इथल्या डिस्कपासून लांब बोला. दिवसभर तिला नुसती कोरडी होऊ दिली. गुरुवारी बारीक ब्रशने आणि स्पिरिटने कुंकू काढलं. डिस्कची वायरही एका जागी सोलली होती, ती बदलली. दिवा लागला, आत चकती फिरायचा आवाज आला, आणि मला कबूल करायला हवं, माझ्या तोंडून "आली गं बाई" निघून गेलं. कॉम्प्युटरने पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी नाही म्हटलं.

फॉरमॅट म्हणजे वहीची अनुक्रमणिका फाडण्यासारखं आहे. पानं बहुतेक जागेवर असतात, फक्त कुठल्या पानावर काय ते कळत नाही. आधी त्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढली. त्यात गुरुवार गेला, कारण काही भाग वाचताना डिस्क अडून बसत होती. मग नकलेतून व्हिडिओ वेगळे केले. नावं पुसली गेली होती. नुसते आकडे, सहाशे बारा.

शुक्रवारी दोघांना बोलावलं, कारण ओळख पटवायला घरचंच माणूस लागतं. मग माझ्या दुकानात दोन तास डीजे वाजला. एकामागून एक हळदी. प्रत्येक हळदीत शेठ नाचत होते आणि दर वेळी शर्टाचं एक बटण जास्त उघडं होतं. नंतर क्रिकेटच्या सामन्यात शेठच्या हस्ते बक्षीस. मग ट्रेलरपुढे शेठ.

"तुमी सोडून कोन हाय का तिच्यात?" भामाबाईंनी विचारलं. शेठनी खिडकीबाहेर पाहिलं.

चारशे सत्तेचाळिसाव्या व्हिडिओत गुणाबाई दिसल्या. स्वयंपाकघरात पाटावर, पाठ ताठ, नाकात नथ. भामाबाईंनी पडद्याला हात लावला. मी स्पीकर मोठा केला.

गुणाबाई गाऊ लागल्या. गावदेवीला बोलावलं, वेशीवरच्या देवाला बोलावलं, आणि थांबल्या. कॅमेरा हलला. तेवढ्यात मागून, भांड्यांच्या आवाजातून, कोणीतरी पुढची ओळ गाऊन दिली. गुणाबाईंनी ती उचलली. दोन ओळींनंतर पुन्हा थांबल्या. पुन्हा मागून ओळ आली. गेलेल्या माणसांपाशी तर त्या एकेका नावावर थांबू लागल्या.

"आय, काशीआजी ऱ्हायली," मागचा आवाज म्हणाला, आणि तिचं नाव सुरात घेऊन मोकळा झाला.

"हे मांडवात कसा लावायचा?" महादेवशेठ हिरमुसले. "आय सारक्या विसरतायत."

"आय कदी विसरत नव्हती," भामाबाई हळूच म्हणाल्या.

मागचा आवाज भामाबाईंचाच होता आणि आई मुद्दाम थांबत होती, हे मला तेव्हा कळलं. भामाबाईंना माझ्या आधी कळलं होतं.

पडद्यावर गुणाबाई थेट कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "जावायबापू, माजा आवाज कशाला भरताय? तिचा भरा."

आणि शेठचा आवाज, तीन वर्षांपूर्वीचा, खणखणीत, "आय, तुमी गा ओ. तिला काय येतंय!"

व्हिडिओ संपला. शेठनी गळ्यातली चेन शर्टाच्या आत सारली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. पण त्यांचे डोळे भरलेले दिसले आणि माझं बरं वाटणं फार टिकलं नाही.

"लाव परत, बाय," भामाबाई मला म्हणाल्या. मॅडमची मी बाय कधी झाले, कळलं नाही.

मी पुन्हा लावला. या वेळी गुणाबाई थांबल्या तेव्हा ओळ दोन ठिकाणांहून आली, स्पीकरमधून आणि माझ्या स्टुलावरून. पहिल्यांदा दबकत, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. काशीआजीचं नाव आलं तेव्हा बाहेर चहावाला थांबून आत बघत होता आणि भामाबाई डोळे मिटून गात होत्या. त्या आईपेक्षा अर्धी ओळ पुढे होत्या.