रोल नसताना काढलेला फोटो

मी कॅमेरा बोलतोय. मोबाइलमधला नव्हे हो, रोल घालावा लागायचा ना, तो. आता कपाटात नुसता बसून असतो.

माझा मालक मासिकांसाठी फोटो काढायचा. कामावर निघाला की पिशवीत कपड्यांपेक्षा रोलच जास्त. आणि हात तरी किती सैल! साधं एक दार दिसलं, तरी उभ्याने, वाकून, पालथं पडून त्याच्यावर अख्खा रोल संपवायचा. छापून यायचा त्यातला एखादा. "बाकीच्यांचं काय लोणचं घालायचं?" असं त्याची बायको विचारायची.

एकदा आम्ही बंद पडणाऱ्या काचकारखान्यात गेलो. रोलमागून रोल संपले. भट्टी विझताना टिपायची, म्हणून मालकाने शेवटचा रोल खिशात जपून ठेवला. माझं पोट रिकामंच होतं. तेवढ्यात भट्टीवरचा एक कामगार ओल्या हाताने केस चापूनचोपून बसवत पुढे आला.

"साहेब, माझा एक काढा ना. जन्मात कुणी काढला नाही."

आता फोटोवाल्यांची एक खोड असते. रोलही वाचवायचा आणि समोरच्याचं मनही राखायचं, तर रिकामाच कॅमेरा डोळ्याला लावून खटका दाबायचा. मालकाने तेच केलं. वर म्हणतो कसा, "अहो, जरा हसा की!"

तो बिचारा हसला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो, पण खटक्याशिवाय मला आवाज नाही. "लेकीला दाखवायचाय, नक्की पाठवा हं," असं दोनदा बजावून तो कामाला लागला. पुढे भट्टी विझली आणि तो जपलेला रोल तिच्यावर उधळला गेला.

वर्षं लोटली. परवा ती लेक मालकाचं घर शोधत आली. बाप नुकताच गेला होता आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

"बाबा सगळ्यांना सांगायचे, मासिकवाल्यांनी मला हसवून माझा फोटो काढलाय म्हणून."

मालकाने खोकी उपसली. भिंग लावून निगेटिव्हची एकेक पट्टी पाहिली. भट्टी होती, चिमणी होती, दारं तर ढिगाने होती. तिचा बाप कुठेच नव्हता. अरे, नको शोधूस, नाहीये तो! पण माझं ऐकतो कोण?

अखेर त्याचं त्यालाच आठवलं. चष्मा काढून त्याने भिंग बाजूला ठेवलं. "बाळ, तेव्हा कॅमेऱ्यात रोलच नव्हता गं."

तिने पसरलेल्या पट्ट्या गोळा करून खोक्यात ठेवल्या. मग म्हणाली, "पण बाबा हसले होते ना? मी त्यांना कधी मोकळं हसताना पाहिलंच नाही. कसे दिसत होते?"

 मालकाचं लक्ष तेव्हा भट्टीकडे होतं.

पाहिलं ते मी एकट्याने. तुमच्यापैकी कुणाला ती भेटलीच, तर माझ्यासाठी एवढं सांगा. पडलेल्या दातांच्या फटी दिसू नयेत म्हणून आधी ओठ घट्ट मिटून घेतले होते त्यांनी. मग राहवलं नाही, आणि तोंडभर हसले.