कातडी बॅग

नरसिंहाच्या देवळापुढं मोटार थांबली तशी व्यंकटराव मास्तरांनी कातडी बॅग मागच्या सीटखाली सारली आणि पायानं आणखी आत ढकलली.

"इथंच राहू दे. कातडं नरसिंहापुढं चालत नाही."

"मग आतलं सोनं तरी काढून घ्या," अनसूयाबाई म्हणाल्या.

"चारचौघांत? अक्कल आहे का तुला?"

मास्तर हातपाय धुवायला आडावर गेले. अनसूयाबाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. अक्कल काढतात! पाच वर्षांपूर्वी रझाकारांच्या धामधुमीत हेच सोनं पिठाच्या डब्यात घालून वालूरला कुणी पोचवलं? तेव्हा हे पुस्तकांच्या पेट्या बांधत बसले होते. आता म्हणे राज्य आपलं आलं, भ्यायचं कशाला.

भाड्याच्या मोटारीला कापडी टप. कुलूप ना किल्ली. ड्रायव्हर चहाला गेलेला. अनसूयाबाईंनी खाली वाकून बॅगेचा पट्टा सोडला. पाटल्या, बोरमाळ, ठुशी. लेकीच्या, कावेरीच्या लग्नाचं सगळं सोनं एवढंच होतं. कावेरी कालच मामाबरोबर पालमला गेली होती, उद्या सकाळचा मुहूर्त. त्यांनी पुरचुंडी लुगड्याच्या ओच्यात घट्ट खोवली. बॅग हलकी लागू नये म्हणून लग्नाच्या सामानातली चार मुठी हळकुंडं आत टाकली आणि पट्टा लावला. नवऱ्याला सांगायचं नाही, त्यांनी ठरवलं. पालमला गेल्यावर हातात ठेवू आणि मग तोंड बघू.

मास्तर परत आले. लिंबाखाली एक मेंढपाळ नवराबायको मेंढरं बसवून भाकरी खात होते. मास्तरांनी त्यांना लांबूनच हाक मारली.

"ए, नाव काय तुझं?"

"रायभान जी."

"या मोटारीवर नजर ठेव रे. आत किमती चीज आहे!"

नारळवाल्यानं मान वर केली. हॉटेलच्या बाकड्यावरची चार माणसं वळून बघायला लागली. अनसूयाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. नुसती दवंडी द्यायची राहिली होती!

दर्शन घेऊन दोघं परत आले तेव्हा सीटखाली बॅग नव्हती.

मास्तर मोटारीत शिरले, बाहेर आले, पुन्हा शिरले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "माझी कावेरी गं," असं म्हणून ते पायरीवरच बसले. अनसूयाबाईंचा हात ओच्यावर गेला. सांगावं? पण माणसं गोळा झाली होती. चोर यातच असला तर? पुढं पालमपर्यंतचा रस्ता सुनसान. हे कारण खरंच होतं. पण त्यांच्या मनात दुसरंच होतं. अक्कल काढली ना माझी? जळू दे जरा जीव.

तेवढ्यात हरभऱ्याच्या रानातून मेंढरं हाकत रायभान आणि त्याची बायको भिवराबाई आली. मास्तर ताडकन उठले.

"कुठं होतास?"

"मेंढरं हरभऱ्यात शिरली जी. वळवायला गेल्तो. आत्ताच..."

मास्तरांनी त्याच्या थोबाडीत दिली. पटका खाली पडला.

अनसूयाबाई पुढं सरकल्या. सगळे त्यांच्याकडं बघत होते. आता सांगितलं तर चार लोकांत नवऱ्याची लाज जाईल, आणि आपल्यालाही म्हणतील, बाई नवऱ्याला फसवती. त्यांनी ओचा मुठीत धरला.

"बोल, बॅग कुणाला दिलीस? फौजदाराच्या ताब्यात देतो तुला!"

"आईच्यान, मी हात बी लावला न्हाई जी."

दुसरी थप्पड पहिलीपेक्षा जोरात बसली. रायभाननं हातातली काठी उचलली नाही. ओठावर रक्त आलं, ते त्यानं जिभेनं पुसलं.

"अहो, सोडा त्याला!" अनसूयाबाई ओरडल्या. त्यांनी ओच्यातली पुरचुंडी ओढून काढली आणि मोटारीच्या टपावर आपटली. "हे घ्या तुमचं सोनं! चोरानं हळकुंडं नेली हळकुंडं!"

गर्दीत कुणीतरी हसलं. मास्तरांनी गाठ सोडली. "नरसिंहानं राखलं," ते म्हणाले, आणि पाटल्या उन्हात धरून बघायला लागले. रायभान पटका झाडत होता, त्याच्याकडं त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. अनसूयाबाईंचा संताप अनावर झाला. असला माणूस आपल्या पदरी पडावा!

भिवराबाई त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली.

"बाई, ह्ये सोनं कवापासून तुमच्यापाशी हाय?"

"दर्शनाच्या आधीपासून."

"मंग माझ्या मालकाला मार बसायलाय, तवा तुमी गप का ऱ्हायल्या?"

अनसूयाबाईंनी मास्तरांकडं बोट दाखवायला हात उचलला. तो अर्ध्यातच थांबला, आणि मग त्यांनी तो खाली घेतला.