तिदांडी शिवराई आणि कळकलेलं ताक

छापा

"बसा, पुढचे बसा. मागच्यांना मूठ दिसू द्या," ज्ञानू चेला घसा ताणून सांगत होता.

साल अठ्ठावन्न. नवे पैसे निघून वर्ष उलटलं होतं आणि कुठलं नाणं कितीला चालतं, हे शिरूरच्या बाजारात कुणीच छातीठोक सांगू शकत नव्हतं. अशा दिवसांत एखाद्या जुन्या नाण्यात देव निघाला, तर तो मोकळा थोडाच बसणार? भिमाजीआबांच्या खळ्यावर दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. दौंडची माणसं येष्टीतून उतरून धावत यायची. मधोमध वाघाच्या कातड्यावर नाणेमहाराज बसायचे. कातडं बकऱ्याचं होतं, पण पट्टे मन लावून रंगवलेले होते.

महाराजांनी मूठ उघडली.

"दुदांडी शिवराई तुमच्या आजीच्या बटव्यातही सापडेल. अक्षरांच्या मध्ये दोन दांड्या. इथे किती?"

"तीन," सगळं खळं म्हणालं.

"तिदांडी. जगात अशा तीनच. एक विलायतेत काचेच्या पेटीत, एक समुद्राच्या तळाशी, आणि एक या मुठीत. पहिली दांडी रोग धरते, दुसरी पिळते, तिसरी बाहेर फेकते."

नाणं समोरच्या ताकाच्या तांब्यात पडलं. टण्. महाराजांनी डोळे मिटले, दाढी हलवली, मूठ पुन्हा उघडली. नाणं मुठीत, आणि तेही कोरडं ठाक. ज्ञानूने तांब्यातलं ताक वाटीत ओतलं, तर ताक हिरवं.

हिरवी वाटी म्हाळसापुढे आली. म्हाळसा ही भिमाजीआबांची सून. दिवाळीत विषमज्वरातून उठली होती, पण अंगात काही भरेना. महाराजांनी सात गुरुवार सांगितले. हा तिसरा. तिने वाटी रिकामी केली आणि घटकाभराने कुडाला धरून ओकली.

"निघाली बाधा," महाराज म्हणाले. लोकांनी हात जोडले.

कुडापलीकडे हुसेनबी कल्हईवाली उभी होती. म्हाळसाचं माहेर तिच्या भिंतीला भिंत लावून. नवरा गेल्यावर भाता हुसेनबीने हाती घेतला, तेव्हा लहानगी म्हाळसा तिच्या शेजारी बसून कापसाचे बोळे करून द्यायची. आज त्या पोरीच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत घसरत होती.

"आबा," हुसेनबी म्हणाली, "सरकारी दवाखान्यात दावा की तिला."

"हुसेनबी, तुजं काम भांड्याचं. माणसाचं न्हाई." भिमाजीआबा यंदा सोसायटीच्या चेअरमनकीला उभे होते. महाराजांना गावात त्यांनीच आणलं होतं. आता महाराज खोटे निघाले, तर आबांचं काय खरं राहणार?

काठ

नाण्याच्या दोन बाजू सगळे बघतात. काठ कोणी बघत नाही. म्हणून ही गोष्ट इथे थोडी उभी धरू.

पुढच्या बुधवारी ज्ञानू महाराजांचा तांब्या घेऊन कल्हईच्या दुकानी आला.

"भायेरनं झळकव. आतनं कल्हई नगं."

"आतनं नगं? आन् ह्यात ठिवता काय?"

"ताक. मीठ-लिंबू घालून, आदल्या सांजंपासनं. तुला काय करायचंय? आतनं केली तर व्रत मोडतंय."

तो चहाला गेला. हुसेनबी तांब्याकडे बघत राहिली. तीस वर्षांत तिच्याकडे भांडी आली ती आतून कल्हई करायला. बाहेरून झळकवायला बायकांना राख-चिंच पुरते. बिनकल्हईच्या तांब्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, हिरवं पडतं; खाल्लं की ओकारी. पोर लग्नाची झाली की आई हे शिकवते. गावातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. मग खळ्यावर एकीलाही का आठवलं नाही? कारण घरी हिरवं ताक दिसलं तर बाई भांड्याला दोष देते. इथे भांड्याकडे कोण बघतो? सगळ्यांचे डोळे मुठीवर.

तिने तांब्या उलटा आपटला. वाळक्या ताकाची खपली पडली आणि खपलीत नाणं.

तीन दांड्या.

आता हे नाणं कुठलं? महाराजांची तिदांडी तर तिने गुरुवारी सगळ्यांबरोबर मुठीत पाहिली होती. तिने ते चिंचेने घासलं आणि भात्याच्या कडीत वायसरच्या चकतीऐवजी घातलेली जुनी शिवराई काढून शेजारी ठेवली. जुनी वाकडीतिकडी, हातोड्याने ठोकलेली. छाप एकीकडे सरकलेला, एक अक्षर काठाबाहेर गेलेलं. तिदांडी मात्र गरगरीत गोल. काठाला कानशीचे ओरखडे. अंगावर बारीक पुरळ. आणि तिसरी दांडी अक्षरांपाशी न थांबता तिरकी होऊन थेट काठावरून खाली उतरलेली.

ठोकलेल्या नाण्यावरची रेघ काठ ओलांडत नाही. ओतलेल्यावर ओलांडते. साच्याच्या मातीला तडा गेला की वितळलेला धातू तड्यात शिरतो आणि वर कंगोरा उमटतो. घुंगरू ओतणारे असा कंगोरा घासून टाकतात. महाराजांनी त्याला दुर्मिळ म्हणून गादीवर बसवलं होतं.

हुसेनबीने नवसागर टाकला, भाता मारला, कथील फिरवलं. तांब्या आतून रुप्यासारखा पांढरा झाला. तोंड अरुंद, आत कोण डोकावतो?

ज्ञानू तांब्या घेऊन गेला. मग तिने स्वतःच्या जुन्या, कल्हई उडालेल्या तांब्याच्या तपेलीत ताक ओतलं, मीठ घातलं, लिंबू पिळलं.

काटा

चौथा गुरुवार. टण्. डोळे मिटले. दाढी हलली. नाणं मुठीत परत. ज्ञानूने तांब्या वाकडा केला.

ताक पांढरं.

"ढवळ," महाराज पुटपुटले. ढवळलं. पांढरंच.

"कुणाचा तरी विश्वास फाटलाय," महाराज कडाडले.

"विश्वास न्हाई, महाराज. मी आतनं कल्हई केली," हुसेनबी पुढे येत म्हणाली. "तीस वर्सांची सवय. हात ऐकंना."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. तिने तपेली मधोमध ठेवली. आतलं ताक हिरवंगार.

"ह्यात कंचंबी नाणं न्हाई. रातभर बिनकल्हईच्या तपेलीत ऱ्हायलं, कळकलं. आन् ही घ्या, तुमच्या तांब्यात घावली." तिने नाणं भिमाजीआबांच्या हातात दिलं. "आबा, मुठीतली मागा. शेजारी धरून बघा. ही समुद्रातली म्हणायची का विलायतेची?"

आबांनी हात पुढे केला. सगळं गाव बघतंय म्हटल्यावर महाराजांना मूठ उघडावी लागली. आबा दोन्ही नाणी डोळ्यांशी नेऊन उभे राहिले. तीच रेघ, तेच तिरकं वळण, काठावर तीच उतरण.

"मुठीतली मुठीतच ऱ्हाती," हुसेनबी म्हणाली. "तांब्यात पडती ती येगळीच. म्हणून मुठीतली कोरडी."

आता लोक उठतील, असं तिला वाटलं होतं. कुणी उठलं नाही.

महाराजांनी दोन्ही हात आभाळाकडे नेले. "भाग्य तुमचं! दुसरी प्रकटली. आणि तिच्या तेजाने बघा, या बाईच्या तपेलीतसुद्धा तीर्थ झालं."

पुढच्या रांगेतल्या दगडाबाईने पटकन हात जोडले. तिचं बघून आणखी दहा जणींनी. महाराजांनी तपेलीतलं हिरवं ताक वाटीत घेतलं आणि म्हाळसापुढे धरलं.

हुसेनबी वाटीच्या आड आली. आपल्याच हाताने केलेलं विष पोरीच्या ओठाशी.

"महाराज," ती म्हणाली, "आधी तुम्ही घ्या. येक घोट."

"मला बाधा नाही."

"तीर्थाला बाधा कशाला लागती?"

"आज माझा उपास आहे."

"उपासाला ताक चालतंय," दगडाबाई जोडलेले हात तसेच ठेवून म्हणाली. तिला काही महाराजांना पकडायचं नव्हतं. उपासाचं तिला बारीक ठाऊक होतं, एवढंच.

सगळं खळं वाटीकडे बघत होतं. महाराजांनी वाटी तोंडाजवळ नेली. नाक आक्रसलं. वाटी खाली आली.

"घ्या की," भिमाजीआबा हळूच म्हणाले. "माझ्या सुनंनं तीन घेतल्या."

महाराज ज्ञानूकडे बघू लागले. ज्ञानू कुडाकडे बघू लागला.

म्हाळसाने महाराजांच्या हातातून वाटी घेतली. थोडा वेळ धरली. मग मातीत ओतली.

त्यानंतर खळ्यावर काय झालं, कातड्याचे पट्टे कोणी पुसले, नाणी जिथे ओतली त्या दौंडच्या घुंगरांच्या भट्टीचा पत्ता ज्ञानूने किती धपाट्यांत सांगितला, यात शहाणपणाचं काही नाही. भिमाजीआबा तर दुपारपर्यंत "मला आधीच वाटत हुतं" म्हणू लागले होते. त्यांना म्हणू दे. खोट्यातून बाहेर पडणाऱ्याला थोडी वाट ठेवावी लागते.

तुमच्या गावातही उद्या कोणी मूठ उघडेल. नाणं खरं की खोटं, हे तुम्हाला ओळखता येईलच असं नाही. भल्याभल्यांना येत नाही. पण दुसरं नाणं शेजारी ठेवायला मागा. भांडं उलटं करून बघा. आणि जो औषध देतो, त्याला तुमच्यादेखत एक घोट घ्यायला सांगा. एवढं विचारल्याने खरा देव रागावत नाही, आणि खरा डॉक्टरही.

"मामंजी," रिकामी वाटी खाली ठेवून म्हाळसा उठायचा प्रयत्न करत म्हणाली. चार गुरुवारांत ती पहिल्यांदा बोलत होती. "गाडी जुंपा. दवाखाना बारा वाजेपोत्तर उघडा असतो."

हुसेनबीने तिच्या काखेत हात घातला. पोर कापसाच्या बोळ्यापेक्षा हलकी लागली.